बरणीतली रेघ

लामाराबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या आडत बाजारात सौद्यात उभा होतो. हातात तुरीची पोटली, समोर उदगीरचा एक खरेदीदार, आणि दोघांचंही डोकं तापलेलं. फोनवर माझी मुलगी शिवकन्या होती, जॉर्जियाहून. "पप्पा, बेबो गेली," एवढंच म्हणाली. तिकडं आजीला बेबो म्हणतात. डॉक्टरकी शिकताना शिवकन्या तीन वर्षं ज्यांच्या घरी राहिली, त्या या बाई. मी विचारलं, "मग आता तू राहणार कुठं?" तिनं फोन बंद केला. खरं सांगायचं तर माझ्या मनातही दुसरं काही नव्हतं. त्या बाईंवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता.

माझे वडील याच बाजारात हमाल होते. मी पोत्यांखालून निघून स्वतःची डाळमिल उभी केली, ती कुणाच्या गोड बोलण्याला भुलून नव्हे. आमच्याकडं पोटलीवर सौदा होतो. मूठभर नमुना बघायचा आणि अख्ख्या ढिगाचा भाव सांगायचा. त्यात माझी नजर सहसा चुकत नाही. लामाराबाईंनी होस्टेलपेक्षा कमी भाड्यात खोली दिली, वर दोन वेळचं गरम जेवण. एकट्या विधवा बाईला परक्या देशातली पोर घरात कशाला हवी? दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी शिवकन्याला दाराची कडी आतून लावून दाखवायला सांगायचो, शेजारी कोण राहतं ते विचारायचो, बाईंचा मुलगा कधी येतो, किती दिवस राहतो, सगळं खोदून काढायचो. एकदा नांदेडची मेहुणी आमच्याकडं आली होती. ती शेवटी वैतागून म्हणाली, "दाजी, पोरगी हाय ती, पोतं न्हाई. किती बंबू मारता?" पोत्यात बंबू खुपसून आतला माल काढून बघतात, त्यावरून. सगळे हसले. मी हसलो नाही.

जाताना शिवकन्यासोबत मी माझ्या मिलची तूरडाळ दिली होती, बिनपॉलिशची, सामानात बसली तेवढी. ती एका काचेच्या बरणीत भरून बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. पहिला हिवाळा सरताना ती मला फोनवर पहिल्यांदा दिसली, आणि मग दर रविवारी माझी नजर आधी तिकडं जायची. दोघींना ती चार महिन्यांच्या वर पुरायला नको होती. पण सहा महिने झाले, वर्ष झालं, बरणी गळ्यापर्यंत भरलेली. "डाळ खाते का?" मी विचारायचो. "रोज खाते की," शिवकन्या म्हणायची. म्हणजे माझी लेक खोटं बोलायला शिकली होती, आणि तेही त्या घरात... मी हे कुणाला बोललो नाही. मनातला भाव आधी सांगितला की सौदा गेलाच, ही माझी सवय. गप्प राहून बघत बसलो आणि आतल्या आत कुढत गेलो.

त्यात बाईंची एक खोड. मधेच पडद्यावर यायच्या, बरणी उचलून कॅमेऱ्यापुढं धरायच्या, सावकाश गोल फिरवायच्या आणि शिकून घेतलेले दोनच शब्द म्हणायच्या, "पप्पा... डाळ." विकणारा स्वतःहून माल फिरवून दाखवायला लागला की मला त्यात खोट दिसते. मला वाटायचं, ही बाई मला चिडवते आहे. त्या दिसल्या की मी उठून जायचो. त्यांनी मला दोनदा घरी बोलावलं, दोन्ही वेळा मी तुरीचा हंगाम पुढं केला. मी त्यांना एकदाही साधा नमस्कार केला नाही.

बाई गेल्यानंतर महिन्याभरानं शिवकन्या सुट्टीवर आली. माझ्याशी तुटक बोलत होती. बॅगेतून कपड्यांत गुंडाळलेली ती बरणी तिनं काढली आणि माझ्यापुढं ठेवली. "तुम्ही पाठवलेली शेवटची डाळ. फेकवेना."

"शेवटची म्हणजे? मी तर एकदाच दिली."

"पप्पा, दर दोन महिन्याला पार्सल यायचं की. बेबोच भरून ठेवायची."

मी बरणी उचलून उजेडात धरली. तळाला चार बोटं माझी डाळ होती, मंद पिवळी, कडेला कुठं कुठं साल राहिलेली. त्याच्यावर गळ्यापर्यंत दुसरीच, बारीक, तेलाचा हात फिरवून चकचकीत केलेली. मधे सरळ रेघ. बाजारातल्या नवख्यालाही दिसावी अशी. मी मात्र तीन वर्षं फक्त उंची बघत होतो. शिवकन्यानं मग आठवून सांगितलं. पहिल्या हिवाळ्यात डाळ तळाला गेली, त्या दिवशी ती जेवली नव्हती, रडत बसली होती. दुसऱ्याच दिवशी तळाची तशीच ठेवून वरून बरणी भरलेली, आणि बेबो म्हणाली, पप्पांकडून आली. पुढंही तळ लागायच्या आधीच ती भरून ठेवायची. आपल्याकडचं सामान मिळणारं दुकान दोन बस बदलून होतं, आणि बाईंचे गुडघे गेलेले. "मग मला कधी बोलली का नाहीस?" मी विचारलं. "काय बोलायचं? बापाला कोणी थँक्यू म्हणतं का? मला वाटलं, तुम्ही न बोलता पाठवताय... तेवढंच मला बरं वाटायचं."

माझी तक्रार अजून आहे. दुसऱ्याचा माल माझ्या नावानं खपवायचा, याला आमच्या बाजारात फसवणूक म्हणतात. हे काम कुणी माझ्या मिलच्या शिक्क्याखाली केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं. इथं मात्र भांडायला समोर कुणी उरलं नाही, आणि तीन वर्षं माझ्या नावावर जमा झालेली लेकीची माया परत करायची माझी तयारी नाही.

बरणी आता दुकानात माझ्या गादीमागच्या फळीवर असते. गिऱ्हाईक विचारतं, ही कुठली डाळ? मी सांगतो, विकायची नाही. शिवकन्या परत गेली, होस्टेलवर राहते. रविवारी फोन लावते, थोडं इकडचं तिकडचं बोलते आणि मग म्हणते, "पप्पा, दाखवा." मी बरणी काढतो, कॅमेऱ्यापुढं धरतो, सावकाश गोल फिरवतो. रेघ हलू नये म्हणून दोन्ही हातांनी. ती बघत राहते... आणि मी उठून जात नाही.