शेवटच्या अध्यायाचा हात

पौष वद्य द्वितीया, सोमवार, सकाळ. हजर: बाबा, आई, बाबांचे एक जुने शिष्य (नाशिकहून, कालच्या गाडीनं) आणि मी. जागा: काशीत रामघाटावरच्या आमच्या घरातली पुढची खोली. काम एकच. बाबांनी ऑनलाइन शिकवलेला शेवटचा अध्याय टीव्हीवर लावायचा आणि त्यातला हात शिष्यांनी बघून घ्यायचा.

हात म्हणजे काय ते आधी सांगते. आमच्या वेदशाखेत मंत्र म्हणताना उजवा हात स्वरांबरोबर चालतो. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली; कुठे बोटं मिटतात, विसर्गाला एखादं बोट सुटतं. हे समोर बसूनच शिकायचं असतं. काशीत गुरुजी पुष्कळ आहेत, पण घराघराचा हात थोडा वेगळा, आणि आमच्या घरचा हात बाबांपाशीच होता. शिष्य तरुणपणी आमच्याकडे राहून शिकले. शेवटचा अध्याय तेवढा राहिला आणि घरच्या अडचणीनं त्यांना परत जावं लागलं. पुढे बाबांनी नेटवरून वर्ग सुरू केला, तेव्हा तो अध्याय त्यांनी पडद्यावर बघून घेतला. एकदा काशीला येऊन हात तपासून घेऊ, असं ठरवून ठेवलं होतं. श्रावणात बाबांची उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं.

वर्गाची तांत्रिक बाजू माझ्याकडे होती. मी बँकेत नोकरी करते. घरात ज्याला वायर आहे ते सगळं माझं. बाबा गच्चीवर बसायचे, कारण पहिल्याच दिवशी लांबच्या विद्यार्थ्यांनी विचारलं होतं, गंगा दिसेल का? मी म्हटलं होतं, मागे भिंत घेऊ, चित्र स्वच्छ येईल.

"भिंत त्यांच्या गावात नाही का?" बाबा म्हणाले.

"तुम्हाला बघायला जमतायत, की गंगेला?" आईनं विचारलं.

"गंगेला. माझ्यासाठी तूसुद्धा कधी गच्चीवर आली नाहीस."

गंगेला पाठ करून बसणं त्यांना मान्य नव्हतं. म्हणून ते कडेला तोंड करून बसले आणि शेजारी अख्खी नदी चित्रात आली. थंडीत नावांभोवती पांढरे पक्षी घिरट्या घालायचे, तेही आले.

कोडेक ही चलचित्र आवळून नेटवरून धाडण्याची रीत. दर वेळी तो पूर्ण चित्र पाठवत बसत नाही; आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच बहुतेक पाठवतो. भिंत जवळजवळ फुकटात जाते. पाणी मात्र क्षणोक्षणी बदलतं, प्रत्येक लाट त्याला नवी. आमच्या गल्लीत नेट जेमतेम, त्यामुळे सेकंदाला किती डेटा जाईल त्याला मी मर्यादा घातलेली. तेवढ्यातच नदी, पक्षी आणि बाबा. नवा कोडेक घेतला असता तर चित्र थोडं बरं आलं असतं. पण थेट प्रक्षेपणात माझा लॅपटॉप अडखळायचा आणि विद्यार्थ्यांच्या जुन्या फोनवर ते चित्र उघडायचंच नाही. म्हणून सगळीकडे चालणारा जुना एच-२६४ ठेवला. निर्णय बरोबर होता; आजही तोच घेईन. आवाजाला जागा थोडी लागते, तो नीट पोचला. नदी पोचली. हात वेगानं हलायचा, त्याचे चौकोनी ठिपके झाले. मूळ चित्र वेगळं साठवलेलं नव्हतं. जे नेटवरून गेलं तेवढंच मागे राहिलं.

सोमवारी आधी हीच फाईल लावली. बाबांचा आवाज खोलीत भरला. खुर्चीतले बाबा टीव्हीकडे बघत होते. शिष्य मांडी घालून, हात तयार ठेवून बसले होते.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "ताई, हात कुठे जातो ते आवाजावरून बसवता येईल. बोटं नाही येत."

याची तयारी मी केली होती. पुसट चित्र रेखीव करून देणारं एक सॉफ्टवेअर हल्ली मिळतं. त्यातून काढलेली दुसरी फाईल लावली. पडद्यावर हात आला, स्वच्छ, नखांसकट. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. शिष्यांचा चेहरा उजळला. ते पडद्याबरोबर हात चालवू लागले. पहिला मंत्र झाला. दुसऱ्याच्या शेवटी पडद्यावर एक बोट सुटलं, तसं त्यांनीही सोडलं.

बाबांनी घशातून आवाज काढला. चुकलेल्या विद्यार्थ्याला थांबवताना ते काढायचे तोच. आजारपणात तेवढा शिल्लक आहे. डाव्या हातानं ते खुर्चीवर थापट्या मारत राहिले.

शिष्यांनी हात खाली घेतला. "गुरुजी, माझं चुकलं?"

बाबांनी मान हलवली. नाही. मग डाव्या हातानं टीव्हीकडे दाखवलं.

मला कळलं. ठिपक्यांमधून नसलेलं बोट परत येत नाही. सॉफ्टवेअरनं हजारो अनोळखी हात बघून एक बोट बनवलं होतं.

मी पुन्हा पहिली फाईल लावली. तोच मंत्र सुरू झाला, तेव्हा बाबांनी डाव्या हातानं आपलं उजवं मनगट धरलं आणि हात उचलला. स्वर चढला तिथे वर नेला, उतरला तिथे खाली आणला. शिष्य त्यांच्याबरोबर चालले. दोघांचे हात एकत्र वर-खाली होत होते. मंत्र संपला तिथे बाबांचा हात थांबला. बोटं लोंबत राहिली.

आई आत आली, त्यांच्यापाशी जमिनीवर बसली. तिनं त्यांचं पहिलं बोट उलगडून धरलं. "अहो, हे?"

बाबा बोटाकडे बघत होते.

"की हे? मला काय समजणार त्यातलं. तुम्ही शिकवायचात तेव्हा मी आपली भात बघत होते. मान तरी हलवा."

तिनं पाचही बोटं एकेक करून उचलून बघितली, पुन्हा पहिल्यापासून. बाबांनी मान हलवली नाही. चूक त्यांना कळत होती, पण बरोबर बोट त्या हातालाच ठाऊक होतं; त्यांनाही आता आठवत नसावं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते पुसायला त्यांना डावा हात मनगटावरून काढावा लागला.

"राहू द्या काकू," शिष्य म्हणाले. "त्यांना त्रास नको."

दुपारी ते निघाले. ठरलं ते असं. नाशिकला शिष्यांकडे शिकणाऱ्या मुलांना पहिलीच फाईल पाठवायची, नव्या कोडेकात न घालता, आहे तशी. पुन्हा आवळली तर आणखी तपशील जाईल. आई म्हणाली, गंगा तरी बघतील. हात मनगटापर्यंत शिकवायचा आणि बोटं मिळाली नाहीत असं मुलांना स्पष्ट सांगायचं, हे शिष्यांनी आपणहून अंगावर घेतलं. दाराशी ते थांबले. "ताई, ती दुसरी फाईल पुसून टाका. कुणी खरी समजून शिकेल."

पहिली फाईल त्याच संध्याकाळी पाठवली. चालली, असं उत्तर आलं.

दुसरी पुसायची आहे. काल उघडली, पुसण्याआधी एकदा बघितली. आवाज बंद करून बघितली. त्यात बाबांचा हात चांगला आहे. फाईल अजून पुसलेली नाही.