धुरा साफ आहे ना?

जनाबाई मावशी काल गेली.
तिचा कान आधीच गेला होता. माझ्यामुळे.

मावशी दिघोरीची. नात्यातली नाही, पेशंट. गालावरची जखम भरेना, तपासली तर स्किन कॅन्सर निघाला.

मी भंडाऱ्यात एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. आमच्याकडे पॅथॉलॉजिस्ट नाही. सर्जरी चालू असतानाच मी काढलेल्या भागाच्या कडांचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली ठेवतो आणि नागपूरच्या मॅडम त्यांच्या स्क्रीनवर बघतात. चारही कडा क्लिअर म्हणाल्या की मगच टाके.

आमच्या सर्जन सरांनी मावशीला 'मार्जिन' समजावलं, तर ती म्हणाली, "म्हंजे वावराचा धुरा. धानाची बांधी निंदली अन् धुऱ्यावर गवत राह्यलं, त फायदा काय?"

ऑपरेशनच्या दिवशी, सुरू करायच्या आधी सरांनी मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. "मॅडम, हा आमचा एक्स्पर्ट."
मी फुगलो.

तीन कडा मस्त झाल्या. चौथी, कानाकडची, मशीनमध्ये फाटली. पार चोथा.

"सर, अजून एक तुकडा द्या," एवढंच म्हणायचं होतं. पण नागपूरवाल्यांसमोर भंडाऱ्याचं नाक कापलं जाईल असं वाटलं. खरं तर माझं.

तिसरीच स्लाइड उलटी फिरवून चौथी म्हणून पुन्हा लावली.

"क्लिअर. छान काम," मॅडम म्हणाल्या.

निरोप द्यायला ऑपरेशन थिएटरात मीच गेलो. भूल फक्त गालापुरती, मावशी जागी होती. हिरव्या कापडाखालून तिनं विचारलं, "बाबू, धुरा साफ आहे ना गा?"

"साफ आहे, मावशी."

वर्षाच्या आत कानापाशीच परत आलं. नागपूरला कान काढावा लागला. मग मानेत गाठी.

तरी फॉलोअपला आली की आधी लॅबच्या दारात. "जय भीम, बाबू. जेवला का?"
एकदा म्हणाली, "तुनं त बराबर पाह्यलं होतं. मायंच नशीब बेकार."

मी मायक्रोस्कोपमध्ये डोळे घालून बसलो. खाली स्लाइड नव्हती.

आज सकाळी सरांना सगळं सांगितलं. मग तिच्या मुलीला, सुनीताला फोन केला. तिनं एवढंच विचारलं,
"मायले काहून नाही सांगतलं, दादा?"

लाज वाटत होती. हे काय उत्तर झालं?

'भावपूर्ण श्रद्धांजली' टाइप केलं आणि खोडलं. तेवढं तोंड मला राहिलेलं नाही.

मावशी, धुरा साफ नव्हता.

नेहमी तूच आधी म्हणायचीस. आज मी म्हणतो.

जय भीम, मावशी.