आधी एक पान

अनसिंगच्या आठवडी बाजारात ती शेवटच्या निंबाखाली बसते. पुढे ओल्या फडक्यावर चिवळीच्या जुड्या, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपोआप उगवलेल्या. मी कॉलेजसाठी रानभाज्यांची माहिती गोळा करतो, म्हणून दर बाजाराला तिच्यापाशी थांबतो. माझे प्रश्न तिला आवडत नाहीत.

"भाजी न्या ना सर, इचारता कायले?" एवढंच म्हणते.

तिची एक सवय आहे. गिऱ्हाइकाच्या हातात जुडी देण्याआधी ती त्यातलं एक पान तोडून स्वतः खाते. सावकाश, समोरच्याच्या डोळ्यांत पाहत. असं का करता, म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाली, "आदी मी, मंग तुमी."

गेल्या बाजारी तिने माझ्यासाठी जुडी उचलली आणि परत ठेवली. पान तोडलं नाही.

"आज तुमी नका नेऊ. बाजूच्या वावरात तननाशक मारलं. वारं आमच्या धुऱ्याकडंच होतं."

"मग विकता कशाला?"

"आमच्या घरीबी रात्री हेच शिजन," ती म्हणाली आणि जुड्यांवर पाणी शिंपडू लागली.

तेवढ्यात एक बाई आली. तिने दोन जुड्या मागितल्या. हिने एका जुडीतलं पान तोडून तोंडात टाकलं, मग दुसऱ्या जुडीतलंही. या वेळी मात्र तिने गिऱ्हाइकाकडे पाहिलं नाही. पानं चावून गिळेपर्यंत ती माझ्याकडे पाहत होती.