वळणावरचे तीनशे मीटर

नाव : सिद्धू म्हाकू कोकरे. हुद्दा : कीमन. वय : एकेचाळीस. मूळ गाव : सुप्याजवळ. वडिलोपार्जित व्यवसाय : मेंढपालन (बंद). दृष्टी : उत्तम. कर्तव्य : बारामती-दौंड मार्गावरील नेमून दिलेले साडेपाच किलोमीटर सकाळी एकट्याने चालणे, रूळ धरून ठेवणाऱ्या क्लिपा तपासणे, सैल दिसल्यास हातोड्याने बसवणे आणि तसेच परत येणे. मनोवस्था : रकाना उपलब्ध नाही.

दृष्टी उत्तम असल्यामुळंच पंचाईत झाली. कटफळच्या अलीकडं, जिथं ऊस कुंपणाला टेकलाय, त्या वळणावर गाडीखाली आलेला माणूस आधी त्यालाच दिसला. पोलीस येईपर्यंत प्रेताजवळ थांबायचं असतं. ते अडीच तासांनी आले. तोवर सिद्धूनं एका हातानं कुत्री हाकलली आणि दुसऱ्या हातात लाल झेंडी धरून ठेवली. ती खाली कधी ठेवायची, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर होता. ऊस हलला की तो दोन पावलं मागं सरायचा. कुंपणात अडकलेलं खताचं पोतंसुद्धा त्याला तेच वाटायचं. तिसऱ्या दिवशी त्यानं वळण सोडलं. शेजारच्या गाडीवाटेनं वळसा घालून तो पुढं रुळावर चढला आणि वहीत ‘सर्व ठीक’ लिहिलं. असे नऊ दिवस. आता भीती दोन झाल्या : वळणावर काय दिसेल याची, आणि तिथली एखादी क्लिप निघाली असली तर, याची. गाडी गेली की तो जेवता जेवता थांबून आवाज ऐकायचा. घास हातातच.

खात्यानं दुर्लक्ष केलं असं म्हणता येणार नाही. समुपदेशक बाई आल्या, चांगल्या होत्या. झोप लागते का, असं त्यांनी विचारलं. सिद्धूनं व्हय म्हणून सांगितलं. भ्यालो म्हटलं की ‘अनफिट’ शेरा पडतो आणि हातोडा जातो, हे रुळाच्या गँगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. आजवर कुणाचा गेला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवटी त्यानं आईला, बानूबाईला, सांगितलं. तिचा जन्म मेंढरांमागं गेलेला. भेदरलेल्या मेंढराला मेंढपाळ दामटत नाहीत. घंटीवालं म्हातारं जनावर संगं चालवतात.

“तीनशे मीटर म्हंजी किती रं?”

“आपल्या दारापासनं डीपीपतुर.”

“मग तू रुळाकडं बघ. उसाकडं मी बघती.”

रुळावर बाहेरच्यांना मनाई. म्हणून ती कुंपणापलीकडनं, गाडीवाटेनं, उरलेली दोन शेरडं घेऊन निघाली; एकाच्या गळ्यात घंटी. वळणावर सिद्धू थिजला. घंटी थांबली. मग घंटी पुढं निघाली आणि तिच्या मागोमाग तोही. वळणात तीन क्लिपा सैल निघाल्या. हातोड्याचे दोन घाव रुळावरच बसले.

वळणापुरतंच यायचं ठरलं होतं. पण भीती वळणापुरती थांबेना. घंटी बंद पडली की अजूनही त्याचा हातोडा वरच राहतो.

दिवाळीनंतर अहवाल गेला : ‘समुपदेशनानंतर कर्मचारी पूर्णतः भयमुक्त. संपूर्ण टप्पा एकट्याने तपासण्यास सक्षम.’

बानूबाई रोज अकरा किलोमीटर चालते. तिचं वय एकाहत्तर आहे.