दिवेलागणीची नावं

आमच्या पंथात माणूस भेटलं की 'चरणी' म्हणायचं आणि समोरच्यानंही 'चरणी' म्हणायचं. पंथाबाहेरच्याला मात्र रामराम. रामरामात वाईट काही नाही, सारा मुलूख तो घालतो. पण पंथातल्याच माणसानं तुमच्या 'चरणी'ला 'रामराम' असं उत्तर दिलं, की समजायचं, तुम्हाला बाहेर काढलं. कुणी ओरडत नाही की पंचायत बसवत नाही. विहिरीवर पाणी भरता येतं, उसनं पीठ मिळतं. बदलतो तो एवढा एक शब्द. मला तो पोलीस ॲक्शनच्या आधीची बरीच वर्षं ऐकावा लागला, आणि सगळ्यांत आधी ऐकवला तो माझ्या सासूनं, आमच्याच चुलीपुढं.

माझं माहेर कळमनुरीकडचं. तेव्हा निजामाचं राज्य, शाळेत सगळा कारभार उर्दूचा, तोही पोरांसाठी. माझ्या बापाला मराठी वाचता येत होतं, आणि आपल्याला येतं ते दुसऱ्याला शिकवल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. सारवलेल्या भिंतीवर कोळशानं अक्षरं काढून त्यानं मला वाचायला शिकवलं. आई काळ्या भिंतीकडे बघून कपाळावर हात मारायची. मग लग्न होऊन मी साखऱ्याला आले, आणि तिथं वाचण्यासारखं घरात एकच होतं, पंथाची पोथी.

ती देवळीत, भिंतीतल्या कोनाड्यात असायची, लाल खारव्यात बांधलेली. रोज तिला फूल, रोज हळदकुंकू. सोडायची मात्र नाही. सुगी झाली की मठातून पाठकबुवा यायचे, स्वतःजवळच्या पोथीतून वाचायचे, अर्थ सांगायचे आणि जाताना आमच्या पोथीचा खारवा बदलून नवी गाठ मारून जायचे. पोथी कुणी सोडायची नाही असं कुणी ठरवलं, हे मी सासूला विचारलं होतं. ती म्हणाली, "कुनी ठरवाया कशाला पायजे? न्हाई सोडत." विषय तिथंच मिटला, आणि नवी नवरी म्हणून मीही गप्प बसले. गप्प बसणं हा काही माझा गुण नव्हे.

पंथाची आणखी एक रीत होती. दिवेलागणीला सगळं घर देवळीपुढं बसायचं आणि वडीलधारं माणूस घरातल्या गेलेल्यांची नावं घ्यायचं. एकेक नाव, आणि प्रत्येक नावामागून सगळ्यांनी 'चरणी'. सासरे गेल्यापासून नावं सासू घ्यायची. ज्यांची नावं घेतली जातात ती माणसं गुरूच्या पायाशी पोचलेली, असं आम्ही मानायचो. ज्यांची घेतली जात नाहीत ती कुठं असतात, हा प्रश्न मला तोवर पडला नव्हता.

माझी पहिली मुलगी तापानं गेली. भिंतीला धरून नुकती चालायला लागली होती. तिसऱ्या दिवशी आम्ही दिव्यापुढं बसलो, सासूनं नावं घेतली, सासऱ्यांच्या नावापाशी आली आणि उठली. मी म्हटलं, "आत्या, लेकीचं राहिलं." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला उपदेश कुठं झाला व्हता?" उपदेश म्हणजे कानात मंत्र. तो पाचवं वर्ष पुरं झाल्यावर मठात देतात. त्याच्या आत गेलेल्या लेकराचं नाव घेत नाहीत. म्हणजे माझी मुलगी देवाकडं नाही आणि घराकडंही नाही. ती कुठंच नाही. मला इतका राग आला की रडूच आलं नाही. रडू नंतर आलं, आणि आलं ते बरेच महिने राहिलं.

त्या साली पाठकबुवा आले तेव्हा मी डोईवरचा पदर सावरून, सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, "लेकराचं नाव घेऊ ने, हे पोथीत हाय का?"

"हाय तर."

"कुठं हाय?"

बुवा हसले. "बाई, पोथी वाचायला डोळे लागत न्हाईत, अधिकार लागतो." बायकांकडे बघून ते पुन्हा हसले, आणि बायकाही हसल्या. तिथंच मी ठरवलं.

बुवांची गाडी पुसेगावच्या वाटेला लागली तशी मी पोथी देवळीतून खाली घेतली आणि गाठ सोडली. सासू दारात उभी राहून देवाचा धावा करत होती. गाठ सुटली, खारवा बाजूला झाला, आणि मला आधी हसूच फुटलं. पोथी उलटी होती. अक्षरांचे पाय आभाळाकडं. बुवांनी कधीतरी घाईत तशी बांधली असणार, आणि खारवा बदलताना दर साली तशीच ठेवत गेले असणार. वर्षानुवर्षं आम्ही डोक्यावर उभ्या पोथीला कुंकू लावत होतो.

सासूला मी ते दाखवलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण पहिल्या पानावरच्या चित्रातला गुरू डोक्यावर उभा आहे हे तिलाही दिसलं. धावा थांबवून ती एकदम म्हणाली, "मग इतक्या दिसांची फुलं कोनाला गेली गं?" आणि लगेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

मी वाचायला बसले. दुपारी कामं आवरली की ओसरीवर, उजेडात, मोठ्यानं. जुनी भाषा, निम्मं कळायचं, निम्मं पुन्हा वाचून कळायचं, काही अजूनही कळलेलं नाही. शेजारच्या बायका आधी शेण थापायच्या निमित्तानं आल्या, मग निमित्त सोडून दिलं. त्यांच्यातल्या जवळपास प्रत्येकीचं एखादं लेकरू असं कुठंच नसलेलं होतं. कुणी तसं म्हणालं नाही. मी पान उलटलं की विचारायच्या, "आलं का?" मी म्हणायची, "न्हाई आलं." पोथी संपली तरी ते आलं नाही. उपदेश कुणाला द्यावा हे होतं. उपदेश नसलेल्या लेकराला विसरावं असं एका अक्षरानं नव्हतं. चुकून पान सुटलं असेल म्हणून मी सगळी पुन्हा वाचली.

ही बातमी मठात पोचायला वेळ लागला नाही. आमच्या ओसरीला कान आहेतच. मग एका सकाळी मी चुलीपाशी गेले, रोजच्यासारखं 'चरणी, आत्या' म्हटलं, आणि सासूनं भाकरी थापता थापता उत्तर दिलं, "रामराम." मठातून सांगावा आला होता. ती नियमाची पक्की. भाकरी मात्र तिनं मला पहिली, फुगलेली वाढली. असा तिचा बहिष्कार.

नवरा माझा भला माणूस, पण भांडणाचं नाव निघालं की तो बैलांकडं निघून जायचा. तो म्हणाला, "अवं, काहून हा उद्योग करून राहिली? माफी मागून टाक की." मी म्हटलं, "कशाची ते सांगा, लगेच मागते." आमचं त्यावरचं बोलणं तेवढंच झालं.

पुढं मठातून बोलावणं आलं. नवऱ्यानं गाडी जुंपली. घरातलं वडीलधारं माणूस साक्षीला लागतं म्हणून सासूही बसली, पोथी मांडीवर घेऊन.

मला वाटलं होतं मठात मला फाडून खातील. तसं काहीच झालं नाही. आधी जेवायला वाढलं, फक्त पान वेगळ्या ओळीत. मग महाराजांनी समोर बसवलं. म्हातारे होते, आवाज मऊ, माझ्या बापाची चौकशी केली. बाईमाणसाला वाचता येतं याचं कौतुकही केलं. पाठकबुवा बाजूला बसले होते. कौतुक ऐकताना माझ्या लक्षात आलं की पोथीत काय आहे हे अजून कुणीच विचारलेलं नाही. शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. विचारलं ते हेच, "कोणाच्या आज्ञेनं सोडली?"

"कोनाच्याच न्हाई, महाराज. गाठ बांधा म्हनूनबी आमी कोनाला सांगितलं नव्हतं."

बुवा खाकरले. महाराजांनी हात वर केला आणि फार मायेनं बोलले. "पोरी, तुझं दुःख मला कळतं. तू चारचौघांत एवढंच म्हण, की पोथीत मनाई आहे आणि माझ्या वाचण्यात चूक झाली. पोथी मठात ठेव. मग आज संध्याकाळी तुझ्या लेकराचं नाव मी स्वतः घेतो. घरी तुम्ही रोज घ्या. कुणी बोट दाखवणार नाही."

खरं सांगते, होकार माझ्या ओठांवर आला होता. माझ्या लेकीचं नाव, महाराजांच्या तोंडून, भरल्या मठात. त्यासाठी मी काय दिलं नसतं! नवरा डोळ्यांनी 'हो म्हण, हो म्हण' करत होता. पण मला ओसरीवरच्या बायका दिसायला लागल्या, आणि मी विचारलं, "मनाई असल तर तुमी नाव कसं घेता? आन् मनाई नसल तर म्या खोटं काहून बोलू?"

"आम्हाला अधिकार आहे म्हणून घेतो."

"मग समद्याच लेकरांची घ्या. आमच्या आळीतल्या घरोघरी हायेत."

महाराज म्हणाले, "ज्याची त्याची वेळ आली की बघू. आज तुझं बोल."

"एकटीचं नको," मी म्हटलं. सासूच्या मांडीवरची पोथी मी उचलली आणि उभी राहिले. कुणी अडवलं नाही. महाराज एवढंच म्हणाले, "दार उघडंच आहे, पोरी. रामराम."

गावात मग सगळ्यांचाच रामराम सुरू झाला. ओसरीवर बायका यायच्या थांबल्या. त्यांना मी दोष देत नाही, त्यांना मुलींची लग्नं याच पंथात करायची होती. मी प्रत्येकीला 'चरणी' म्हणायचं सोडलं नाही. रामराम आला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा 'चरणी'. माझा बाप म्हणायचा तेच खरं, ही पोरगी हट्टाला पेटली की खुद्द निजाम आला तरी ऐकायची नाही.

दिवेलागणीला सासू नावं घ्यायची आणि सासऱ्यांपाशी थांबायची. ती थांबली की मी माझ्या लेकीचं नाव घ्यायची, स्पष्ट, मोठ्यानं, आणि 'चरणी'ही एकटीच म्हणायची. नवरा मान खाली घालून बसायचा. सासू उठून जायची. असं सारं वर्ष गेलं. मला कधी कधी स्वतःचाच कंटाळा यायचा, पण माझी मुलगी कुठंतरी असलीच पाहिजे होती.

एका संध्याकाळी सासूनं नावं घेतली, मी माझं घेतलं. ती उठली नाही. गुडघ्यावर हात ठेवून दिव्याकडं बघत बसली. मग म्हणाली, "त्या म्हाराजानं एका झटक्यात नाव घ्यायला काढलं व्हतं. घेता येत व्हतं म्हंजे." मग तिनं एक नाव घेतलं. मुलीचं नाव होतं. आमच्या घरात ते मी कधी ऐकलं नव्हतं.

मी 'चरणी' म्हटलं. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "चरणी, पोरी."

नवऱ्यानं मान वर केली. "माय, ही कोन?"

"तुझी थोरली बहीन," सासू म्हणाली. "नाक बराबर तुझ्यासारखं व्हतं."