काट्याखालचं बिऱ्हाड

तुमचा माल ज्या वजनकाट्यावर तोलला जातो, त्याच्या खाली तुम्ही कधी वाकून पाहिलंय का?

दुष्काळाचं साल होतं. माजलगावच्या मोंढ्यातल्या, म्हणजे बाजार आवारातल्या, एका सहकारी संस्थेच्या वजनकाट्यावर मी पोचले, तेव्हा कडब्याच्या गाड्यांची रांग लागली होती आणि केबिनसमोर भांडण पेटलं होतं. ही संस्था शेतकऱ्यांकडून कडबा विकत घ्यायची आणि जनावरं उपाशी असलेल्यांना विकायची. दोन्ही वेळा त्याच काट्यावर तोलून.

"बापू, काटा मारता व्हय आमच्यावर?" गयाबाई ट्रॉलीवर उभ्या राहून ओरडत होत्या. त्या कडबा विकायला आल्या होत्या. "घरून भरून आणलेली गाडी हितं येस्तोवर हलकी कावून होती?"

"माय, तुझ्या कडब्याची काडी हरवली असंल तर हात झडंल माझा," काटेवाले बापू म्हणाले.

चेअरमन नानांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, आज दोष सापडला तर ठीक. न्हाई तर बापूला घरी बसवतो. लोकांना कुणीतरी दाखवावं लागतंय."

"चौकशीच्या आधीच निकाल?" माझं डोकं तापलं.

"मग करा की चौकशी!"

वजनकाटे दुरुस्त करणं हे माझं काम. मोठ्या काट्याची रचना सोपी असते. उथळ खड्ड्यावर लोखंडी प्लॅटफॉर्म असतो. त्याच्या कोपऱ्यांखाली लोडसेल, म्हणजे भार ओळखणारे सेन्सर. प्लॅटफॉर्मला खालून दुसरा कशाचाही टेकू लागला, तर तेवढा भार लोडसेलपर्यंत पोचत नाही आणि वजन कमी दिसतं.

रिकामा काटा शून्य दाखवत होता. टेस्टची लोखंडी मापं ठेवली, तीही बरोबर. बापूंचा चेहरा खुलला. मग गयाबाईंची भरली गाडी एकेका कोपऱ्यावर नेली. रस्त्याकडच्या कोपऱ्यावर वजन धाडकन घसरलं. बापूंचा चेहरा पडला.

मी रांगेकडे वळून विचारलं, "इथून कडबा घेऊन जाणाऱ्यांची काय तक्रार आहे?"

घेणाऱ्यांतल्या एकाने टोपी सारखी केली. दुसरा आभाळात बघू लागला. तिथे ढगाचं नाव नव्हतं. काटा त्यांनाही कमीच दाखवत होता. म्हणजे पावती कमीची आणि गाडीत कडबा जास्त!

"आगं माय! समदे मुके झाले की!" गयाबाई टाळ्या पिटत हसल्या.

"नाना, लुटणारा असा विकणाऱ्याकडून लुबाडून विकत घेणाऱ्याला वाटत बसत नाही," मी म्हणाले. "दोष काट्याच्या खाली आहे."

त्या कोपऱ्याचं झाकण उघडलं. ओल्या मातीचा वास आला. केबिनमधल्या कूलरचं सांडपाणी तिथे झिरपत होतं. कुणीतरी खड्ड्याची भिंत पोखरून माती आणि खडे प्लॅटफॉर्मखाली ढीग करून ठेवले होते. भरली गाडी आली की प्लॅटफॉर्म किंचित लवून त्या ढिगावर टेकायचा. टॉर्च मारला, तर तांबडे डोळे. मुंगसाची मादी! तिच्या पोटाशी पिल्लं.

"मुंगूस?" नाना कपाळाला हात लावून म्हणाले. "धुरी द्या अन् काटा चालू करा."

"मुंगसाला मारणं गुन्हा आहे, नाना. नसता तरी मी धुरी देऊ दिली नसती. हा मोंढा होता कधी? माळ होता. ओढा बुजवून आपण गाळे काढले. अख्ख्या गावात ओल उरली ती तुमच्या कूलरखाली. तिने जायचं कुठे? ती सभासद नाही म्हणून बाहेर काढता?"

"शेअर द्या की तिला एक!" गयाबाई म्हणाल्या. नानासुद्धा हसले. तिथेच आम्ही जिंकलो.

केबिनमागे सिमेंटचा एक जुना पाइप पडून होता. बापूंनी त्याच्याभोवती दगड रचले, कूलरची नळी तिकडे वळवली. गयाबाईंनी ट्रॉलीतून एक पेंढी ओढून पाइपावर पसरली. "ही तोलायची न्हाई," त्यांनी बजावलं.

मग इंजिनं बंद झाली. मोंढ्यातली माणसं टपांवर चढून गप्प बसली. झाकण उघडं, आत उजेड, माणसांचा वास. ती थांबणार नव्हती. खरंच, पिल्लू तोंडात धरून ती बाहेर आली आणि प्लॅटफॉर्मवरून तिरकी धावत दगडांत शिरली. डिस्प्लेवर शून्यच. इतकं हलकं त्या काट्याला कळतच नाही. ती परत आली. दुसरं नेलं. शेवटचं पिल्लू मात्र मधोमध तोंडातून निसटलं आणि चिरकू लागलं. तिने आमच्याकडे रागाने पाहिलं, पिल्लू उचललं आणि गेली.

अशा शिट्ट्या वाजल्या की जणू कुणी निवडणूक जिंकली!

"बापू, पावती फाडा की तिची!"

बापूंनी खरंच कोरी पावती फाडली आणि पाइपाच्या दगडाखाली खोचली.

ढीग काढला, बीळ रिकामं असल्याची खात्री करून तिथे जाळी बसवली. चारही कोपरे खरे निघाले. गयाबाईंची गाडी पुन्हा तोलली, तेव्हा त्या बापूंना एवढंच म्हणाल्या, "चहा पाजते, चला."

दुसऱ्या दिवशी बापूंचा फोन. "मॅडम, आता घेणारे भांडायलेत. म्हणतेत, कालपर्यंत कडबा जास्त येत होता, काटा मारता व्हय?"

खरा काटा सगळ्यांना एकाच दिवशी आवडत नाही, एवढं या धंद्यात मी शिकले.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. या उन्हाळ्यात गोदामाचं, दुकानाचं, बँकेचं एखादं बीळ बुजवायला माणूस बोलवाल, तेव्हा आधी स्वतः वाकून आत बघा. कुणी असेल तर भिंतीमागे एक पाइप, थोडे दगड आणि कूलरचं वाया जाणारं पाणी द्या. आतलं बिऱ्हाड हललं की मगच बीळ बुजवा.