त्या रात्री मी ऑन-कॉल नव्हतो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला, सुलभाला नाही, मुलीला नाही, ज्याच्याबरोबर निम्मं आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये उभा राहिलो त्या सर्जनलाही नाही. आणि आज सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून, असंही समजू नका. मला राग आलाय. गेल्या महिन्यात इथे लंडनला, हॅरोच्या शाळेच्या हॉलमध्ये आपल्या महाराष्ट्र मंडळाने माझा सत्कार केला, तेव्हापासून आलाय, आणि तो जात नाही.

शाल घातली, नारळ दिला. मग अध्यक्ष माइकवर आले. "आमच्या डॉक्टरांनी ड्यूटीपुढे देवसुद्धा पाहिला नाही. घरात बाप्पा बसलेत, पाहुणे आलेत, आणि हे रात्रभर ऑन-कॉल! वहिनींनी एकटीने सगळं निभावलं." टाळ्या. सुलभाने माझ्याकडे पाहिलं — अभिमानाने पाहिलं. आणि मी काय केलं? हात जोडले, मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

विनय!

मी भूल देणारा डॉक्टर. आमच्यासारख्यांच्या घरात 'ऑन-कॉल' या शब्दाचं काय वजन असतं, ते तुम्हाला माहीत असेल. त्या शब्दापुढे कुणी प्रश्न विचारत नाही. बारसं असो, श्राद्ध असो, मुलीच्या शाळेतलं नाटक असो — "बाबा ऑन-कॉल आहेत" म्हटलं की विषय संपला. कुठे होतात, कुणाबरोबर होतात, बुटांना चिखल कसला लागलाय — काही नाही. उलट गरम वरणभात समोर येतो. इथल्या हॉस्पिटलात आलेल्या आपल्या पिढीने हा शब्द घाम गाळून कमावला होता. आणि मी तो वापरला — कशासाठी? डुकरं मारायला जाण्यासाठी.

हसू नका. की हसाच, तुमची मर्जी.

केंट आणि ससेक्सच्या सीमेवर त्या वर्षांत रानडुकरं दिसू लागली होती. कुठल्याशा फार्मची कुंपणं मोडून पळालेली, रानात वाढलेली. रात्रीत अख्खं कुरण नांगरल्यासारखं उकरून टाकायची. तिथे एका रिटायर्ड मेजरची मोठी जमीन होती. त्याच्या खुब्याच्या ऑपरेशनला भूल मी दिली होती. शुद्धीवर आल्यावर त्याने माझा हात धरून आभार मानले, नाताळला बाटली पाठवली, आणि मग एकदा बोलावलं — "या डॉक्टर, आमची डुकरं बघायला." मी गेलो. पुन्हा गेलो. मग जातच राहिलो.

माझ्याकडे एक खेळणं होतं. रशियन सैन्यातली, अंधारात बघता येणारी दुर्बीण. तिकडचं सोव्हिएत राज्य कोसळल्यावर असला माल इथल्या जत्राबाजारात टेबलांवर मांडलेला असायचा. विटेसारखी जड. चालू केली की कानाशी डास गुणगुणल्यासारखा बारीक आवाज यायचा, आणि मग काळोखातून हिरवं जग वर यायचं. गवत हिरवं, आभाळ हिरवं, सशाचे डोळे पांढऱ्या ठिणग्यांसारखे. काय सांगू, त्या हिरव्या गोलात डोळा घातला की मी कुणाचाच उरायचो नाही. ज्याला पाहून पेशंट विचारायचे, "खरे डॉक्टर कधी येणार?", तो मी नव्हे. ज्याच्या घरात अंडं फक्त केकमधून यायचं, तोही मी नव्हे. मी फक्त बघणारा. आणि मग — नेम धरणारा.

रायफल मेजरची. माझ्याकडे परवाना नव्हता. त्याच्या जमिनीवर, तो स्वतः किंवा त्याचा माणूस शेजारी हजर असेल तरच मी ती हातात घेऊ शकत होतो. हा 'त्याचा माणूस' म्हणजे केन.

केन शेतावर कामाला होता. फाटकाशेजारच्या विटांच्या कॉटेजमध्ये राहायचा, बायको मोरीन आणि दोन लहान मुलांसह. कॉटेज नोकरीबरोबर मिळालेलं. नोकरी आहे तोवर घर आहे. नोकरी गेली की घर गेलं. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माहीत नव्हतं, असं मला कधीही म्हणता येणार नाही.

केन माझी चेष्टा करायचा. "डॉक, त्या डब्यातून चंद्रावरची डुकरं पण दिसतात का?" किंवा, "मिसेसना काय सांगून आलात आज? हार्ट की अपेंडिक्स?" मी तिला काय सांगून येतो ते फक्त त्याला माहीत होतं. मीच एकदा हसत हसत सांगितलं होतं. तो पोट धरून हसला होता.

त्या शनिवारी घरी गणपती होते. आमचे पाच दिवसांचे असतात. संध्याकाळच्या आरतीला वीसेक माणसं यायची होती. सुलभा सकाळपासून मोदकांना बसली होती. मी शांतपणे म्हणालो, "मला आज ऑन-कॉल घातलंय." ती म्हणाली, "अहो, आजसुद्धा? या लोकांना काही आहे की नाही!" हॉस्पिटलवर चिडली ती. माझ्यावर नाही. माझ्यासाठी डब्यात मोदक भरून दिले. ते मी एम-ट्वेंटीफाइव्ह हायवेवर गाडी चालवत खाल्ले.

केन आणि मी कुरणाच्या कडेला मचाणावर बसलो. दुर्बीण रायफलवर बसवलेली होती. थोड्या वेळाने खालच्या बाजूने कुंपण कडकडल्याचा आवाज आला. "बघून येतो," केन म्हणाला. रायफल घेऊन उतरायला लागला, तेव्हा मी म्हणालो, "राहू दे ना. दुर्बीण रायफलवरच आहे, मी नुसतं बघत बसतो." तो थांबला. त्याने तसं करायचं नव्हतं, त्याला ते माहीत होतं. पण डॉक्टरला नाही कसं म्हणायचं? "गोळी नाही हं डॉक. मी येईपर्यंत नुसतं बघायचं."

"अरे हो रे," मी म्हणालो.

मग हिरव्या गोलात ते आलं. रुंद पाठ, खाली घातलेलं डोकं, माती उकरणारं तोंड. मी थांबलो का? थांबलो असेन एखादा श्वास. ओळख पटवून घेतली का? नाही. आयुष्यभर मी पेशंटच्या मनगटावरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय सुईला हात लावलेला नाही. आणि तिथे — मी चाप ओढला.

ती शेजारच्या बाईंची डुकरीण होती. काळी, पाळलेली, कानात बिल्ला असलेली. रानडुकरांनी कुंपण मोडलं होतं, त्यातून ती आली होती. हिरव्या उजेडात काळं काय आणि करडं काय!

'चूक झाली' असं आत्ता मनात म्हणालात ना? म्हणू नका. ती चूक नव्हती, तो माज होता. पण कबुली त्याची नाही. नुसती डुकरीण मेली असती तर मी हे लिहीत बसलो नसतो.

केन धावत आला. टॉर्च टाकला. कानातला बिल्ला उजेडात धरला. मग म्हणाला, "सकाळी मेजरना सांगायचं. तुम्ही सांगा, मी बाजूला उभा राहतो. मी रायफल सोडून गेलो, ते माझं मी सांगतो." एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. मी म्हणालो, "अर्थात. सकाळी पहिला फोन मीच करतो."

तो फोन मी केला नाही. सकाळ झाली, पूजा सुरू झाली, लोक दर्शनाला येऊ लागले. मी सोवळं नेसून पाटावर बसलो होतो. पाट! त्याच हातांनी दूर्वा वाहत होतो. फोन वाजला. सुलभाने उचलला आणि सगळ्यांसमोर मला दिला. पलीकडे मेजर.

"डॉक्टर, माफ करा, रविवारी त्रास देतोय. केन म्हणतोय गोळी तुम्ही झाडलीत. मी त्याला सांगितलं, मूर्खासारखं बोलू नकोस. तुम्ही त्या गोळीच्या आधीच निघाला असणार, नाही का?"

खोलीत माणसं होती. सुलभा शेजारी, हातात प्रसादाचं ताट. काल रात्री मी हॉस्पिटलात होतो, असं त्या खोलीतल्या प्रत्येकाला सांगून झालं होतं. आणि मी इंग्रजीत, स्वच्छ आवाजात म्हणालो, "मी काल रात्री ऑन-कॉल होतो, मेजर. काळोख पडायच्या आधीच निघालो."

एक वाक्य. या टोकाला सुलभाने ऐकलं आणि मान डोलावली. त्या टोकाला मेजरने ऐकलं आणि सुस्कारा सोडला. दोघांचंही समाधान झालं. कुणाला दुसरा प्रश्न पडला नाही — ऑन-कॉल डॉक्टरला कोण प्रश्न विचारणार?

मेजर म्हणाला, "मला वाटलंच. जनावर मारलं ते मी पोटात घातलं असतं. पण माझ्या पाहुण्यावर ढकलायचं? तेही तुमच्यासारख्या माणसावर? हे मी खपवून घेणार नाही."

नीट ऐका. केनला गोळीबद्दल काढलं नाही. खोटं बोलल्याबद्दल काढलं. त्या अख्ख्या प्रकरणात एकटा तोच खरं बोलला होता.

आणि मला त्या क्षणी काय वाटलं, ते सांगू? बरं वाटलं. या देशात वर्षानुवर्षं मी बढत्यांच्या यादीत मागे राहिलो होतो, रंगामुळे. त्याबद्दल मी मंडळात तावातावाने बोलायचो, अजूनही बोलतो. आणि तिथे एका गोऱ्या साहेबाने त्याच्या गोऱ्या माणसाच्या शब्दापेक्षा माझा शब्द वर ठेवला होता. मला तो न्याय वाटला. न्याय! आपल्यावर अन्याय होतो म्हणून छाती पिटणारी माझ्यासारखी माणसं पाहिली की आता माझ्या अंगाचा तिळपापड होतो. संधी मिळाली तेव्हा मी काय वेगळं केलं? मेजरने एकदासुद्धा केनला आणि मला समोरासमोर उभं केलं नाही. सभ्यतेत ते बसत नव्हतं. त्या सभ्यतेची मला चीड येते. तिच्या आडोशाला मी किती आरामात बसलो, त्याची त्याहून जास्त.

एका संध्याकाळी हॉस्पिटलातून घरी आलो तर सुलभा म्हणाली, "कुणी मोरीन म्हणून फोन आला होता. रडत होती बिचारी. म्हणत होती, घर सोडायला सांगितलंय, डॉक्टरांना फक्त खरं सांगायला सांगा. मला काही कळलंच नाही. पेशंट आहे का तुमची?"

"हो," मी म्हणालो. "जरा मानसिक त्रास आहे तिला."

हे मी बोललो. निम्मा दिवस लोकांच्या नाडीवर बोट ठेवणारा मी, त्या बाईला एका शब्दात वेडी करून मोकळा झालो. सुलभाने त्या रात्री देवापुढे तिच्यासाठी हात जोडले.

पानगळ संपता संपता ते गेले. कौन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, त्यांना समुद्राकाठच्या कुठल्याशा गेस्ट हाउसमध्ये एक खोली दिली, चौघांना मिळून, असं मेजरच्या बोलण्यात आलं. त्याने ते हवापाण्याच्या गप्पांसारखं सांगितलं. मीही "अच्छा" म्हटलं. त्या गावाचं नाव मला कळलं होतं. तिथवर गाडीने तासाभराचा रस्ता. मी कधी गेलो नाही.

आता इथवर आलोच आहे, तर उरलेलंही सांगतो. वाटेत दोनदा वाटलं, इथेच थांबावं.

नवा माणूस गावातून सायकलने यायचा, त्याला घर नको होतं. कॉटेज रिकामं पडलं. मेजर म्हणाला, "डॉक्टर, एवढ्या रात्री लंडनपर्यंत गाडी कशाला हाकता? किल्ली ठेवा तुमच्याकडे. शिकारीनंतर इथेच झोपत जा."

मी किल्ली घेतली. थँक यू म्हटलं.

पुढचे दोन हिवाळे मी त्या घरात राहिलो, महिन्यातून एखादा शनिवार. मोरीनने स्वयंपाकघराला दिलेला पिवळा रंग तसाच होता. न्हाणीघरात मुलांच्या उंचीला लावलेला टॉवेलचा हूक होता. त्यावर मी माझे ओले मोजे वाळत घालायचो. माडीवरच्या खोलीत त्यांचा दुहेरी पलंग त्यांनी सोडलेला होता, कारण गेस्ट हाउसच्या त्या एका खोलीत तो मावला नसता. मी शेगडी पेटवायचो, चहा करायचो, वर जायचो आणि त्या पलंगावर मधोमध झोपायचो.

मला झोप लागायची. एकदाही लागली नाही, असं झालं नाही.